जात्यावरच्या बायकांना डिप्रेशन नव्हतं म्हणे!

मार्च महिना आला की महाराष्ट्रातल्या सभागृहांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. महिला दिनाचा कार्यक्रम असतो, व्यासपीठावर झेंडूच्या माळा घातलेलं जुनं जातं मांडलेलं असतं, नऊवारी नेसलेल्या दोघी खुंट्याला हात लावून फोटो काढून घेतात. मग प्रमुख पाहुणे सांगतात, ‘आपल्या आज्या पहाटे उठून जात्यावर ओव्या म्हणायच्या. मनातलं सगळं तिथं मोकळं व्हायचं. म्हणून त्यांना कधी डिप्रेशन आलं नाही की काउन्सेलर लागला नाही.’ टाळ्या पडतात. हेच वाक्य पुढं वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, लेखांत शिरतं. अलीकडं ते ‘आर्ट थेरपी’च्या दोन दिवसांच्या शिबिरांच्या जाहिरातीतही दिसतं. तिथं ओवीच्या जागी मंडला रंगवायचा असतो आणि तळाशी फी लिहिलेली असते.

या वाक्याला कुणी हरकत घेत नाही, कारण त्यात सगळ्यांची सोय आहे. वक्त्याला परंपरेचा अभिमान मिरवता येतो. घरातल्यांना सुनेच्या न झोपण्याला, न जेवण्याला उत्तर मिळतं: तुझ्या सासूनं यापेक्षा जास्त सोसलं आणि हसत सोसलं. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ का नाही, हा प्रश्नही आपोआप बाजूला पडतो. मला मात्र हरकत घ्यायची आहे, आणि ती कलेवर माझा विश्वास नाही म्हणून नाही. कला माणसाला तगवते, यावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण हे वाक्य ओवीचं कौतुक करता करता ओवीत काय म्हटलंय ते ऐकायचंच नाकारतं.

मुळात त्या काळच्या बायकांना नैराश्य येत नव्हतं, हे मोजलं कुणी? गावातल्या बाईचं मन मोजायला तेव्हा कोण गेलं होतं? जी बाई महिनोन् महिने अंथरुणातून उठत नसे, बोलत नसे, लेकराला जवळ घेत नसे, तिला गाणगापूरला नेत. तिला कुणाचं तरी लागलंय असं ठरे, अंगारे-धुपारे होत, देवऋषी येई. काहींना माहेरी आणून सोडत ते कायमचं. विहिरीत सापडलेली बाई ‘पाणी शेंदताना पाय घसरून’ पडलेली असे आणि गावही ते मान्य करून टाके, कारण घरात अजून दोन लग्नाच्या मुली असत. हा इतिहास आपल्या प्रत्येकाच्या घराण्यात कुठं ना कुठं आहे. फक्त तो महिला दिनाच्या भाषणात येत नाही. आज आपण मोजतो म्हणून आकडा दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात ४५,०२६ स्त्रियांनी आत्महत्या केल्या आणि त्यातल्या २३,१७८ गृहिणी होत्या. निम्म्याहून जास्त. यावर कुणी म्हणेल, बघा, जातं गेलं आणि हे आलं. पण जातं होतं तेव्हाचा आकडाच नसेल, तर तुलना कशाशी करायची?

बरं, आकडे नाहीत; ओव्या तर आहेत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या मालेतून खंडामागून खंड छापले. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात गरीब बायकांबरोबर काम करता करता ओव्या टिपायला सुरुवात केली. हे काम वाढत वाढत हजाराहून अधिक गावांत पोचलं आणि लाखाच्या वर ओव्या जमल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आज त्या वाचता येतात, कित्येकींचा तर आवाजही ऐकता येतो. आपल्या वक्त्यांनी त्यातल्या पन्नास जरी ऐकल्या तरी पुढचं भाषण त्यांना जड जाईल. कारण तिथं आहे ते हेच: मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे, सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरून न येणारा भाऊ, आई गेल्यावर बंद झालेली माहेरची वाट, वांझपणाचे टोमणे, विधवेचं रितेपण. अर्थात देवाचं प्रेम, लेकराचं कौतुक, भावाच्या नांदत्या घराचा अभिमानही आहे. पण ज्या गाण्यांत इतकं दुःख जागजागी साठलेलं आहे, तीच गाणी ‘दुःख नव्हतं’ याचा पुरावा म्हणून पुढं करायची, याला धाडस लागतं.

दुसरी गोष्ट अशी, की या संग्रहांत कुणाच्या ओव्या आहेत? ज्या जगल्या त्यांच्या. टेपरेकॉर्डर गावात पोचला तेव्हा ज्या पन्नास-साठ-सत्तर वर्षांच्या होत्या, ज्यांचा गळा शाबूत होता, ज्या चार जणींत बसून गाऊ शकत होत्या, त्यांच्याच. ज्या विसाव्या वर्षी गेल्या, ज्या मुक्या झाल्या, ज्यांना घरातून काढलं, त्या गायला उरल्याच नाहीत. जगलेल्यांना विचारून ‘सगळ्या जगल्या’ असा निष्कर्ष काढायचा आणि त्याचं श्रेय गाण्याला द्यायचं, हे हिशेबातच बसत नाही.

मग ओवीनं काहीच केलं नाही का? खूप केलं. पण नेमकं काय केलं हे नीट बघायला हवं, कारण त्यातच आपल्या आजच्या कामाचं काही आहे.

पहाटेची वेळ, पुरुष झोपलेले, अंधार. जात्याला दोघी लागत: जाऊ-जाऊ, नणंद-भावजय, माय-लेक, नाहीतर शेजारीण. एक जण वैरण घाली, दोघी मिळून खुंटा फिरवीत. एक ओवी उचले, दुसरी तिच्या मागं लागे. अंगमेहनतीची लय श्वासाला लागे आणि श्वासाची गळ्याला. त्या तासाभरात बाईला घरातलं जे कुणाला सांगता येत नव्हतं ते म्हणता येई, आणि तरीही तिनं ‘सांगितलं’ असं होत नसे, कारण ती तर नुसतं गात होती. सासूनं ऐकलंच तर ती ओवी हिची कुठं होती? ती हिच्या आईची होती, मावशीची होती, अख्ख्या पंचक्रोशीची होती. स्वतःचं दुःख दुसरीच्या ओवीत घालून म्हणायची ही युक्ती फार हुशारीची आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या आठवा. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या आवाजात त्या ध्वनिमुद्रित आहेत. सीतेला रानात सोडणाऱ्या रामाला बाईनं जाब विचारला तर तिला कोण अडवणार? आणि तो जाब फक्त रामालाच होता, असं कोण म्हणेल?

म्हणजे ओवीनं बाईला तीन गोष्टी दिल्या: तिच्या हक्काची एक वेळ, ऐकणारी एक जण, आणि पकडलं न जाता खरं बोलायची सोय. सूर, लय, यमक यांनी ते बोलणं देखणं केलं आणि लक्षात ठेवण्याजोगं केलं. म्हणून ते एकीकडून दुसरीकडं जाऊ शकलं. लेकीला सासरी जाताना आईनं दागिना दिला नसेल, पण शंभर ओव्या दिल्या. त्यातून तिला एवढं कळत होतं की हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही. माणसाला तग धरायला हे कळणं किती उपयोगी पडतं, ते दुःखातून गेलेल्या कुणालाही विचारा.

पण हीच ओवी उजाडलं की थांबत होती. दळण संपलं, माणसं उठली, चूल पेटली, की बाई पुन्हा गप्प. तिचा तो तास बदलला. दिवस बदलला नाही. नवऱ्याचा हात थांबला नाही, बाळंतपणं कमी झाली नाहीत, माहेरचं दार उघडलं नाही. शिवाय दळण म्हणजे काही गाण्याची बैठक नव्हती. रोजच्या भाकरीपुरती बाजरी-जोंधळा दळताना खांदे भरून येत, तळहाताला घट्टे पडत; नुकती टाकी लावलेलं जातं असेल तर पिठात कच येई, त्यावरून बोलणी खावी लागत ती वेगळीच. दुसऱ्यांकडं दळणकांडण करून पोरं वाढवणाऱ्या विधवांचं तर काय बोलावं! गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी तिचं स्वागतच केलं. ओवी गेली याची हळहळ बहुतेक करून त्यांनाच आहे, ज्यांना कधी दळावं लागलं नाही.

इथं बहिणाबाईंचं नाव निघणारच. तिशीतच वैधव्य आलेली, अक्षरओळख नसलेली जळगावकडची शेतकरी बाई, आणि बघा काय गाऊन गेली! त्यांच्या काव्यापुढं हात जोडूनच बोलायला हवं. पण त्यांचं नाव घेऊन जे सुचवलं जातं ते चूक आहे. एक तर त्यांची गाणी आपल्यापर्यंत पोचली ती घरच्यांनी लिहून ठेवली म्हणून. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, त्यानं ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ती छापली गेली. बहिणाबाई तोवर गेल्या होत्या. सोपानदेव नसलेल्या किती बहिणाबाई होऊन गेल्या असतील? दुसरं म्हणजे, बहिणाबाईंनी वैधव्याचं दुःख झाकलेलं नाही. त्याच्याकडं सरळ बघून त्या बोलल्या. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं: एका विलक्षण प्रतिभेच्या बाईचं तगणं हे बाकीच्या बायकांना मोजायचं माप कसं होऊ शकतं? बहिणाबाईंनी गाणं केलं, तू का करत नाहीस, असं आजारी बाईला म्हणणं हा छळ आहे. तो कवितेच्या नावानं केला म्हणून सौम्य होत नाही.

छळ हा शब्द मी जाणून वापरतो आहे. खोल नैराश्यात माणसाचं पहिल्यांदा जातं ते हेच: कशात रस वाटणं, अंगातली उमेद, बोलायची इच्छा. आवडीचं गाणं कानावर पडलं तरी आत काही हलत नाही. अशा माणसाला ‘गा म्हणजे बरं वाटेल’ असं सांगणं म्हणजे आजारानं जे काढून घेतलंय तेच औषध म्हणून मागणं. आणि मग तिला गाता आलं नाही, भजनाला जावंसं वाटलं नाही, रंगवायला घेतलेला कागद कोरा राहिला, तर दोष तिच्या इच्छाशक्तीला. जी आधीच स्वतःला कुचकामी समजते आहे, तिच्या हातात कुचकामी असल्याचा आणखी एक दाखला.

आता हे वक्ते एकदम परंपरा सोडून विज्ञानाकडं येतात. जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलंय ना कला औषध आहे म्हणून! सांगितलं आहे, पण काय, ते वाचायला हवं. त्यांच्या युरोप विभागानं २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेणारा अहवाल काढला. आजार टाळायला, आरोग्य राखायला आणि उपचारांना हातभार लावायला कलेचा उपयोग होतो, असं त्यात आहे. उपचार बंद करा आणि कुंचला घ्या, असं त्यात कुठंही नाही. त्यातले अभ्यासही सगळे सारख्या वजनाचे नाहीत. नीट झालेल्या दोन चाचण्यांचं सांगतो. फिनलंडमधल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्याच्या ७९ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत प्रशिक्षित संगीतोपचारकाबरोबर वाद्य वाजवायला दिलं, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी संगीतवाले अधिक सुधारलेले दिसले. सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. तिथं गटानं चित्रकलेचे उपचार दिलेल्यांत आणि न दिलेल्यांत, लक्षणांत किंवा रोजच्या वावरात काहीच फरक आढळला नाही. ज्यांना ते उपचार देऊ केले त्यातले बरेच जण गटाकडं फिरकलेच नाहीत.

या निकालांनी कलेची काही अप्रतिष्ठा होत नाही. चित्र काढून स्किझोफ्रेनिया हटत नाही, एवढंच त्यातून कळतं. तसा दावा कुठल्या चित्रकारानं केला होता? तो विकणाऱ्यांनी केला होता. कलेला गोळीच्या मापानं मोजायला निघालं की एक तर तिच्याबद्दल खोटं बोलावं लागतं, नाहीतर ती नापास झाली असं जाहीर करावं लागतं. गोळीच सगळ्यांत भारी असं म्हणत संगीत-नाटकाला पोटभरल्यांचे चोचले ठरवणारे डॉक्टरही आपल्याकडं आहेत. त्यांच्याशी माझं भांडण आहेच, पण ते पुन्हा कधीतरी; सध्या त्यांना महिला दिनाला कुणी बोलवत नाही.

कलेला तिच्या जागी ठेवून काम कसं होतं, ते बघायला लांब जायला नको. पुण्याचं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. त्याच्या मुळाशी लेखनच आहे: लेखक अनिल अवचटांनी ‘गर्द’च्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढं केला आणि येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचटांनी केंद्र उभं केलं. तिथं गाणी आहेत, खेळ आहेत, कागदाच्या घड्या आणि लाकडातलं कोरीवकाम करणारे अनिल अवचटच तर संस्थापकांपैकी एक होते. पण त्याबरोबर औषधं आहेत, डॉक्टर आहेत, समुपदेशन आहे, नियमित पाठपुरावा आहे आणि व्यसनी माणसाच्या बायकोसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. गाण्यानं दारू सुटते, असं तिथं कुणी सांगत नाही. दारू सोडताना माणसाला माणसांत परत यायला गाणं उपयोगी पडतं, हे मात्र तिथं रोज दिसतं.

चित्रपटांतही असं काम झालं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’ केला, विस्मृतीवर ‘अस्तु’, नैराश्यावर ‘कासव’. ‘कासव’ला २०१६ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, ‘अस्तु’ आणि ‘कासव’च्या पाठीशी अभिनेते आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे उभे होते. ‘कासव’मध्ये मरणाच्या दारातून परत आलेल्या मुलाला कुणी प्रेरणादायी भाषण देत नाही. त्याला एक घर मिळतं, जिथं त्याला कुणी घाई करत नाही. हा चित्रपट बघून कुणाचं नैराश्य गेलं नसेल. पण घरात तसं कुणी असलेल्या शेकडो माणसांना गप्प राहून शेजारी कसं बसावं हे कळलं असेल, तर कलेनं तिचं काम चोख केलं. आजाऱ्याइतकंच आजूबाजूच्यांनाही काही शिकायचं असतं, हे ‘डिप्रेशन नव्हतं’वाल्यांच्या डोक्यातही येत नाही.

एक आक्षेप मला ठाऊक आहे: तुम्ही ओवीला रडगाणं करून टाकलंत, त्यातली जिद्द तुम्हाला दिसली नाही. दिसली, आणि ती सोसण्यापुरती नव्हती हेही दिसलं. माजलगावच्या भीमनगरमधल्या राधाबाई बोऱ्हाडेंच्या ओव्या ऐका. तिथं बाबासाहेब आहेत, जातीच्या अपमानाला उत्तर आहे, ताठ मान आहे. राईरकर-पॉइतवाँ ज्या बायकांबरोबर काम करत होते, त्या ‘गरीब डोंगरी संघटने’च्या सभांतही ओवी होती. त्या बायकांनी ओवीतून दुःख म्हटलं आणि मग ते दूर करायला एकत्र आल्या. ही खरी जिद्द. आपले पाहुणे मात्र ओवीचा शेवट टाळ्यांवर करतात आणि बाईला परत घरी पाठवतात, सोसायला.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. गावात बायकांना पुरुषांच्या कानाआड एकत्र बसायला जागा आणि वेळ हवी. भजनी मंडळ असो, बचत गटाची बैठक असो, भोंडला असो. ती जागा ग्रामपंचायतीनं द्यावी आणि तिथं काय गायचं हे बायकांनी ठरवावं. आणि त्याच्याच बरोबरीनं ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक प्रत्यक्ष बसायला हवेत; जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून कागदावर आहे, २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं दिसलं. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे त्यातून आपल्याला ठामपणे बोलायला स्वतःचा आकडा मिळाला नाही, भाषणं मात्र आहेत.

आयोजकांना एवढीच विनंती, की पुढच्या कार्यक्रमात पाहुण्यांची वीस मिनिटं कमी करा आणि तेवढ्या वेळात ध्वनिमुद्रित ओव्या पूर्ण ऐकवा, दुःखाच्या ओव्या न गाळता. त्यानंतर तालुक्यातली समुपदेशक कोण, ती कुठल्या दिवशी कुठं बसते, हे तिच्याच तोंडून सांगू द्या. तुमच्या तालुक्यात अशी कुणीच नसेल तर तेही माइकवरून सांगा. तोवर फलकावर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’चा क्रमांक लिहा: १४४१६. तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीतून बोलता येतं.